मुकादमाच्या पोटातली दाढ

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. माझं भरतं. डेंटिस्ट लोक मला पेशंटच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा पाठवतात, मी त्याच्यावर मेणाचा दात कोरतो, मेणावरून धातूची कॅप ओततो, घासून चकचकीत करतो आणि डबीत घालून परत धाडतो. ज्याच्या तोंडात ती बसणार असते त्याचं तोंड मला कधी बघावं लागत नाही. खरं तर याच एका कारणासाठी मी हा धंदा निवडला.

मला किळस फार पटकन येते. दुधावर साय धरलेली दिसली तर मी खोली बदलतो. अशा माणसाला मूल झालं की सगळे त्याला एकच वाक्य ऐकवतात, आपल्या मुलाचं काही वाटत नाही रे. वाटतं. सव्वादोन वर्षांत माझ्या मुलीच्या आतून जे जे बाहेर आलं त्या प्रत्येकाचं मला वेगवेगळं वाटलं. ती अर्धं चावलेलं केळं तोंडातून काढते आणि प्रेमाने माझ्या तोंडात कोंबते. माझ्या प्रत्येक शर्टाच्या उजव्या खांद्यावर तिच्या नाकाचा वाळलेला पट्टा आहे, गोगलगाय फेरी मारून गेल्यासारखा. मागच्या महिन्यात सोफ्याखाली दुधाची हरवलेली बाटली सापडली. आतलं दूध आता दूध राहिलं नव्हतं. बाटली उलटी केली तरी ते खाली यायला तयार नव्हतं. मुलीवरून मी जीव ओवाळून टाकीन, फक्त हातमोजे घालून.

तिला आम्ही मुकादम म्हणतो. हात पाठीमागे बांधून, पोट पुढे काढून ती घरभर फिरते, ज्याच्या-त्याच्या कामापाशी थांबते, नीट बघते, मान हलवते आणि पुढे जाते. काम पसंत पडलं की नाही हे ती कधी कळू देत नाही.

मंगळवारी सकाळी ती माझ्या टेबलापाशी आली. टेबल बैठकीच्या खोलीत, खिडकीखाली. टेबलावर एक साचा आणि त्या साच्यावर नुकतीच घासून ठेवलेली दाढेची कॅप. फोन वाजला म्हणून मी वळलो. चार सेकंद. परत बघतो तर साचा होता, मुकादम होती, कॅप नव्हती.

"कॅप कुठंय?"

तिने आ करून दाखवला. स्वच्छ, रिकामा.

"गेली कुठे मग?"

तिने फ्रॉक वर करून पोट दाखवलं. "आत," ती म्हणाली आणि मान हलवून पुढे गेली.

एक्स-रेमध्ये तिच्या पोटात एक दाढ पांढरीशुभ्र चमकत होती. डॉक्टरांनी दोनदा विचारलं, "ही दाढच आहे ना?" मी म्हटलं, "खालची, डावीकडची, पहिली." अशा वेळी अभिमान वाटू नये हे मला कळतं, पण आकार अगदी स्पष्ट उठला होता.

"बहुतेकदा आपोआप बाहेर पडते," डॉक्टर म्हणाले. "पण कडा पातळ आहेत. अडकली तर त्रास होईल. एवढ्याशा मुलाचे रोज एक्स-रे काढायचे नाहीत, तेव्हा तुम्ही बघत राहा. बाहेर पडलेली डोळ्यांनी दिसली पाहिजे. शुक्रवारी सकाळी आठपर्यंत नाही दिसली तर उपाशी पोटी घेऊन या. भूल देऊन दुर्बिणीने काढू."

माझी बायको ड्रायव्हिंग शिकवते. पिवळा दिवा लागला की ती थांबते, समोर रस्ता रिकामा असला तरी थांबते, आणि शेजारी मी असलो तर का थांबायचं तेही सांगते. त्या दिवशी येताना तिने लाल दिवा सरळ ओलांडला. तिला कळलंही नाही.

"तिला भूल द्यायची?" ती म्हणाली. "अरे, हातावर सुई टोचायला जागा तरी आहे का तिच्या?"

मागच्या सीटवर मुकादम स्वतःच्या पायाचा अंगठा चोखत होती.

"सापडेल," मी म्हटलं. "कुणीतरी नीट शोधायला हवं."

"कुणीतरी म्हणजे तू."

"आपण दोघं..."

"कॅप कुणाची?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ.

आता अडचण अशी की आमच्या घरात शोधण्यासारखं काही शिल्लकच राहत नाही. तीन आठवड्यांपूर्वी बायकोने मुकादमला संडासाचं शिक्षण दिलं. गाडी शिकवतात तसंच दिलं, पायरी पायरीने. बसायचं. करायचं. उतरून आत बघायचं. मग घरात असेल तेवढ्या सगळ्यांनी दारात उभं राहून टाळ्या वाजवायच्या, आतल्या शीला हात हलवून टाटा करायचं आणि मुकादमने स्वतः फ्लशचं बटण दाबायचं. हा टाटा ही बायकोची युक्ती. आठ दिवसांत डायपर सुटलं. ओळखीच्या बायका फोन करून पद्धत विचारायला लागल्या. एकदा आमच्याकडे चहाला आलेल्या जोडप्यालाही, कप बाजूला ठेवून, दारात उभं राहून टाटा करावं लागलं. ते परत आलेले नाहीत.

मंगळवारी संध्याकाळी आम्ही भांड्यात जाळी बसवली. मुकादम आली, आत वाकून बघितलं, बोट दाखवलं.

"काढ."

"असू दे ना राणी, आज गंमत."

"काढ."

डायपर घालायला गेलो तर तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिला नोकरीत खालच्या जागेवर उतरवत होतो. शी काही झाली नाही.

बुधवारी सकाळी बायको म्हणाली, "मी बाबांना बोलावलंय."

"कुणाच्या?"

"तुझ्या."

माझे वडील दोन गल्ल्या पलीकडे एकटे राहतात. एकतीस वर्षं ते मैलापाणी शुद्धीकरण केंद्रावर होते. सगळ्या शहराचं जे काही वाहून जातं ते आधी त्यांच्या जाळीवर यायचं. लहानपणी ते कामावरून आले की मी दुसऱ्या खोलीत जायचो. शाळेत सांगायचो की बाबा पाणीपुरवठ्यात आहेत. अगदीच खोटं नव्हतं. पाणी होतंच त्यात. वडिलांनी मला त्या कामाबद्दल कधी काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मोठा झाल्यावर मी जगातलं सगळ्यात पांढरं, कोरडं आणि बारीक काम शोधून काढलं.

ते दारात उभे राहिले तेव्हा हातात कापडी पिशवी होती. पिशवीत कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, तीन मापांच्या जाळ्या आणि एक काठी. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. एवढे खुशीत मी त्यांना माझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

"किती तास झाले?" त्यांनी चप्पल काढता काढता विचारलं.

"चोवीस होतील," बायको म्हणाली.

"काल काय खाल्लं?"

"वाटाणे, गाजर, दोन केळी."

"केळी बंद. मनुकांचं पाणी द्या. कॅपचं वजन?"

"दीड ग्रॅम," मी म्हटलं.

"हं." त्यांनी मधली जाळी उजेडात धरली. "एकतीस वर्षं शहराचं बघितलं. एका पोरीचं काय घेऊन बसलायस?"

दुपारी मुकादम दिसेनाशी झाली. शोधत गेलो तर पडद्यामागे उभी, दोन्ही मुठी आवळलेल्या, डोळे लांब कुठेतरी लागलेले. मी श्वास रोखून उभा राहिलो. आई-बापाच्या आयुष्यात असे क्षण येतात, फक्त त्यांचे फोटो कुणी काढत नाही.

चड्डी घेऊन आम्ही न्हाणीघरात गेलो.

"आधी पाणी, मग काठी, मग जाळी," बाबा म्हणाले. "घाई केली की बारीकसारीक निसटतं. धर."

मी धरलं. काय दिसलं ते सांगतो, कारण माझ्यावर जे आलं ते एकट्याने सोसायची माझी इच्छा नाही. वाटाणे अख्खे होते. हिरवेगार, गोल, एकही चुरगळलेला नाही. दीड वर्ष आम्ही विमानाचे आवाज काढून तिला वाटाणे भरवतोय आणि ते आतून नुसती सहल करून येतात. गाजराचे तुकडे होते. निळ्या खडूचा तुकडा होता. पाणी ओतलं, ते मऊ सगळं सरकलं आणि मधोमध मला दात दिसले.

समोरचे दोन आणि शेजारी सुळा. एका ओळीत.

"बाबा," मी म्हटलं, "हे हसतंय."

बाबांनी चष्मा सरकवून बघितलं. "एकतीस वर्षांत हे नव्हतं आलं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात आदर होता.

बायको दारातून ओरडली, "कुणाचे दात आहेत ते?"

"माझेच," मी म्हटलं. कवळीसाठी प्लास्टिकचे तयार दात येतात, मेणाच्या पट्टीवर चिकटवलेले, ते. खालच्या खणात पेटी असते. मुकादमने कॅप ही भूक लागली म्हणून खाल्ली नव्हती. तिला ती चव आधीच लागलेली होती. आणि प्लास्टिक एक्स-रेमध्ये दिसत नाही. मी धावत जाऊन पेटीतले दात मोजले. तीनच कमी होते, तीनही जाळीवर होते. जराही रंग उतरला नव्हता.

कॅप मात्र नव्हती.

संध्याकाळी ती कॅप मागवणाऱ्या डेंटिस्टचा फोन आला. मी खरं ते सांगितलं.

"सापडेल ना पण?" ते म्हणाले. "मग नवीन कशाला करतोस? धातूच आहे. उकळली की झालं. पेशंटला काय कळतंय!"

मी फोन ठेवला आणि ताबडतोब टेबलाशी बसून नवीन कॅप करायला घेतली. त्या माणसाने ती पहिली पुन्हा कुठे बसवायच्या आत ही त्याच्या हातात पडायला हवी होती. माझे स्वतःचे तीन दात याच डेंटिस्टने भरलेत. तो विचार मी तिथेच थांबवला.

गुरुवारी मुकादमने संप केला.

तिचं चुकलं नव्हतं. आदल्या दिवशी तिने न्हाणीघराच्या दारातून सगळं बघितलं होतं. बाप आणि आजोबा तिच्या शीमध्ये काठी घालून उभे, आणि टाटा नाही, टाळ्या नाहीत, बटण नाही. ती रडली नाही. तिने फक्त पुढचं काम थांबवलं. मनुकांचं पाणी प्यायली, नासपती खाल्ली, भांड्यावर बसली, आत जाळी आहे का बघितलं, जाळी दिसली, उतरली. दुपारपर्यंत तिचं पोट डफासारखं झालं. पाय जवळ घेऊन, हात पाठीमागे बांधून ती भिंतीच्या कडेकडेने चालत होती आणि दर दहा पावलांनी थांबून कण्हत होती.

तीन वाजता बायको स्वयंपाकघरात जमिनीवर बसली. "सतरा तास राहिले," ती म्हणाली. "रात्री बारापासून पाणीसुद्धा द्यायचं नाही म्हणालेत. मागेल ती. काय सांगू मी तिला?"

बाबांनी जाळी पुसायला घेतली.

"तिला टाटा हवाय," बायको म्हणाली. "तेवढंच हवंय तिला. आणि आपण देत नाही आहोत."

"टाटा केलं की गेली कॅप," मी म्हटलं.

"गेली कुठे?" बाबांनी विचारलं. जाळी पुसत बसले होते. "अरे, जाऊन जाऊन जाणार कुठे? चेंबर कुठंय तुमचं?"

आमचं घर तळमजल्यावर. संडासाचा पाइप भिंतीतून बाहेर येतो आणि मागच्या अंगणात झाकणाखालच्या चेंबरमध्ये उतरतो. बाबांनी दोन मिनिटांत सगळं लावलं. वर मुकादम मानाने बसेल, टाटा होईल, बटण दाबलं जाईल. कॅप जड म्हणून पाइपच्या वळणात बसू शकते, तेव्हा मागोमाग बायकोने दोन बादल्या पाणी ओतायचं, टाळ्या वाजवता वाजवता. खाली पाइपच्या तोंडाशी जाळी.

"आणि वरचे काका?" बायको म्हणाली. पाइप दोन्ही मजल्यांना एकच. वरचे काका घरी व्हायोलिनची शिकवणी घेतात. ती वर जाऊन सांगून आली. काका सज्जन. अर्धा तास संडासाला जाणार नाहीत म्हणाले, कारणही विचारलं नाही.

बाबांनी लोखंडी झाकण उचललं.

वासाला एक सभ्य शब्द आहे, दर्प. हा दर्प नव्हता. हा हात होता. तो माझ्या नाकात कोपरापर्यंत गेला आणि आत काहीतरी धरून बसला. चेंबरच्या भिंतींवर करडा, ओला, लोंबणारा थर होता, आणि तो थर अधूनमधून हलत होता. थर नव्हता तो. झुरळं होती.

"मी वाकलो असतो," बाबा म्हणाले, "पण गुडघे. झोप पालथा."

"इथे?"

"मग काय सोफा आणू?"

मी झोपलो. दोन्ही हात कोपरापर्यंत आत. तोंड चेंबरच्या कडेवर.

"नाक धरू नकोस, दोन्ही हात लागतील. तोंडाने श्वास घे."

"तोंडाने घेतला की चव येते, बाबा."

"येते," ते म्हणाले.

वर व्हायोलिन चालू होतं. कुणीतरी एकच ओळ पुन्हा पुन्हा चुकवत होतं. संडासाच्या खिडकीतून बायकोचा आवाज आला, "बस राणी. जाळी नाही. बघ, काहीच नाही. आहे का काही?" मग एक लांब, खोल, कष्टकरी माणसाचा हुंकार.

आणि वरचं व्हायोलिन थांबलं.

संगीताची आवड असलेल्या माणसाला बरं वाटलं असतं. मला नाही वाटलं. आम्ही काकांना सांगितलं होतं. काकांकडे शिकायला येणाऱ्या बाईंना कुणीच सांगितलं नव्हतं.

पाइपमध्ये गडगडाट झाला. "आली!" मी ओरडलो. "ही आपली नाही!" बाबा ओरडले, पण तोवर आली होती. आदळली, जाळीवर बसली आणि उरलेली उडून माझ्या गालावर, भुवईवर आणि बोलण्यासाठी उघडलेल्या तोंडाच्या काठावर आली. कोमट होती. कोमट असेल असं मला का वाटलं नव्हतं कोण जाणे.

"जाळी सोडू नकोस!"

मी सोडली नाही. पोटातून जे वर आलं ते मी मान वळवून गवतावर सोडलं, एकदा, मग परत एकदा. बाबांनी उजव्या हातातला मोजा ओढून काढला आणि उघड्या हाताने माझं कपाळ धरलं. घट्ट, लहान मुलाचं धरतात तसं.

"झालं?"

"नाही."

"असू दे. जाळी धर."

आणि मग खिडकीतून टाळ्या आल्या. "टाटा! टाटा! दाब बटण!" मुकादमचा आवाज सगळ्यात वर होता. कालपासून साठलेलं सगळं धाडधाड आलं, मागून एक बादली, मागून दुसरी. जाळीचं वजन एवढं वाढलं की कोपरं चेंबरच्या कडेला टेकवावी लागली.

जाळी वर घेतली, अंगणात ठेवली. समोर ढीग एक, मालक दोन.

"आपलं कुठलं?" मी विचारलं.

बाबांनी काठीचं टोक लावलं. "वाटाणे आपले," ते म्हणाले. "बाकीचं बाईंचं. बाजूला घे."

मी बाजूला घेतलं. पाणी, काठी, जाळी. पाणी, काठी, जाळी. नासपतीची साल निघाली, मनुका निघाल्या, फुगून पुन्हा द्राक्षं झालेल्या. पुढे काहीच नाही. मी तळापर्यंत आलो आणि काठी खाली ठेवली.

"थांब," बाबा म्हणाले. "हलव परत."

"नाहीये बाबा."

"हलव म्हणतो ना."

हलवली. बारीकसं, जाळीच्या तारेवर नख वाजावं तसं, टिक.

"तिकडे. कोपऱ्यात. मनुकेच्या आत."

मनुकेच्या आत होती. अंगठ्याने दाबली तशी सालीतून बाहेर आली, काळपट, पण सगळे उंचवटे जागच्या जागी. खालची, डावीकडची, पहिली.

बाबा नुसते खाली बसले, गुडघे दुखत असताना, ओल्या जमिनीवर. मी हाक मारली तशी बायको मुकादमला कडेवर घेऊन धावत आली, माझ्याकडे बघून दोन पावलं मागे सरली, कॅपकडे बघून तीन पावलं पुढे आली आणि रडायला लागली. लांबूनच फोटो काढून तिने डॉक्टरांना पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आलं, 'छान. उद्या येऊ नका.' ते तिने आम्हाला चार वेळा वाचून दाखवलं. मुकादम तोवर हलकी होऊन तिच्या खांद्यावर गाढ झोपली होती. बायको तिला घेऊन आत गेली.

ढीग जिथला तिथे गेला, कॅप मी दगडाने ठेचून चपटी केली, म्हणजे कुणाच्याच तोंडात बसायला नको, आणि बाबांनी झाकण लावलं. मग आम्ही अंगणातल्या नळापाशी गेलो. मी साबण नुसताच तळव्यांवर फिरवत होतो. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला.

"असं नाही. आधी नखं. मग बोटांमधलं. मग मनगट, मग कोपर. आणि चेहरा शेवटी, तोवर हात लावायचा नाही." ते बोलत होते आणि माझेच हात धूत होते, एकेक बोट वेगळं धरून. मी एकतीस वर्षांचा आहे. मी धुऊ दिले.

तीनदा साबण झाला. मी हात नाकाशी नेले.

"वास गेला नाही, बाबा."

"जात नाही. उद्या दुपारपर्यंत राहील."

"मग तुम्हाला सवय झाली असेल."

त्यांनी नळ बंद केला. पिशवीतून पंचा काढून आधी मला दिला.

"लोक म्हणतात होते," ते म्हणाले. "मला नाही झाली. शेवटच्या दिवशीसुद्धा फाटकातून आत पाऊल टाकलं तेव्हा ओकारी आली होती."

"एकतीस वर्षं?"

"रोज."

ते जाळ्या एकात एक बसवत होते, मोठीत मधली, मधलीत लहान.

"कधी बोलला नाहीत."

"तू दुसऱ्या खोलीत असायचास," ते म्हणाले. साधंच म्हणाले, राग नव्हता.

आतून बायकोने विचारलं, "जेवायला वाढू का दोघांना?"

आम्ही दोघंही एकदमच नको म्हणालो.